प्रार्थनेची वही: आधी वचन, मग पेन

दर जानेवारीत आमच्या मंडळीत नव्या वह्या दिसतात. ईस्टरआधीचा उपवासकाळ लागेपर्यंत त्यातल्या बऱ्याचशा गादीखाली नाहीतर कपाटावर गेलेल्या असतात. शनिवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ जण वही घेऊन एकत्र बसतो. तिथे नवीन येणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच सांगतो: "सुरुवात जोरात केली, पण महिन्याभरात लिहायला काही उरलंच नाही." मी त्यांना आधीची चार पानं मनातल्या मनात वाचायला सांगते. चारही पानांवर बहुधा तोच मजकूर असतो. मुलाची अॅडमिशन, नवऱ्याची नोकरी, खोलीचा प्रश्न, आणि खाली एखादं वचन. तेही आपल्या म्हणण्याशी जुळतं म्हणून शोधून चिकटवलेलं.

चूक क्रमात आहे. देवाला काय सांगायचं हे आपण आधी ठरवतो आणि पवित्र शास्त्र नंतर उघडतो. अशा वहीत एकटे आपणच बोलत असतो, आणि एकट्याचं बोलणं लवकर संपतं. खाली दिलेला क्रम बरोबर उलटा आहे. मिस्साला जाणाऱ्या कॅथलिकांना आणि उपासनेला जाणाऱ्या प्रॉटेस्टंटांना तो सारखाच लागू पडतो. टप्पे गाळू नका, आणि पहिले दोन महिने तरी पुढेमागे करू नका.

## तयारी

वही. साधी एकरेघी, दोनशे पानी, शिवलेली. सुटी पानं नकोत, ती हरवतात. भारी कव्हरची, रंगीत कडांची वही तर नकोच. सुंदर वहीत माणूस सुंदर वाक्यं लिहायला जातो, आणि आपल्याला खरी वाक्यं हवी आहेत. मोबाइलवर लिहू नका. तिथे नको ते वाक्य एका बोटाने पुसता येतं, आणि पुसावंसं वाटलेलं वाक्यच पुष्कळदा सगळ्यात कामाचं असतं.

पेन. बॉलपेन. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईतल्या घरात कागद दमट होतो आणि जेल पेनची शाई फुटते. पावसाळ्यात वही प्लास्टिकच्या झिपवाल्या पिशवीत ठेवा.

जागा. मत्तय ६:६ मध्ये (सहावा अध्याय, सहावं वचन) येशू खोलीत जाऊन दार लावायला सांगतो. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहत असतील तर लावायला दार कुठलं आणायचं? हा प्रश्न खरा आहे. आमच्या गटात त्याची तीन उत्तरं निघाली. नळाला पाणी येण्याआधीची वीस मिनिटं, कामाच्या ठिकाणी लवकर पोचून मिळालेली वीस मिनिटं, आणि दुपारी उघडं असलेल्या चर्चमधला शेवटचा बाक. लोकलमध्ये लिहायला जाऊ नका. विरार गाडीत उभं राहायला जागा मिळाली तरी पुष्कळ. तिथे फक्त आजचा उतारा वाचून घ्या, लिहायचं नंतर.

वेळ. आठवड्यातून चार दिवस, दर वेळी वीस मिनिटं. 'रोज' असं ठरवणारे सगळ्यात आधी सोडतात. एक दिवस चुकला की त्यांना सगळंच मोडल्यासारखं वाटतं.

> सावधान: वही उघड्यावर ठेवू नका, आणि चोरूनही लिहू नका. "ही माझी प्रार्थनेची वही आहे, ती कुणी उघडू नये" असं घरात एकदा स्पष्ट सांगा. लपवलेल्या वहीबद्दल संशय येतो. सांगून ठेवलेली वही लोक सहसा उघडत नाहीत.

## टप्पा १: सुटं वचन नको, अख्खं पुस्तक घ्या

डोळे मिटून पान उघडायचं आणि बोट पडेल ते वचन लिहायचं, ही सवय आधी सोडा. सकाळी व्हॉट्सअॅपवर फुलांच्या चित्रावर आलेल्या वचनावर वही चालवणं हाही त्याचाच प्रकार.

यिर्मया २९:११ चं उदाहरण घ्या. तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, असं देव तिथे म्हणतो. परीक्षेच्या आदल्या रात्री हे वचन कितीतरी वह्यांत उतरतं. पण ते एका पत्रातलं आहे, आणि ते पत्र बाबेलला बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे. एक वचन मागे जा. दहाव्या वचनात सत्तर वर्षं थांबायला सांगितलंय. आणखी मागे, पाचव्यापासून सातव्यापर्यंत, घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याचं हित बघा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा, असं आहे. ज्यांचे आजोबा-पणजोबा नगर-जालन्याकडून या शहरात पोट भरायला आले, त्यांना अकराव्या वचनापेक्षा सातवं वचन कितीतरी जास्त देऊ शकतं. पण ते कुणी फुलांच्या चित्रावर टाकत नाही.

म्हणून एकच पुस्तक घ्या आणि सुरुवातीपासून चाला. पहिल्यांदा मार्कचं शुभवर्तमान घ्यावं. सोळाच अध्याय आहेत, प्रसंग छोटे आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक प्रसंगात कुणीतरी गरजेत असतं. दिवसाला एक प्रसंग पुरे. जमल्यास दोन भाषांतरं शेजारी ठेवा, एक जुनं आणि एक सोप्या मराठीतलं.

## टप्पा २: हाताने उतरवून काढा

हा टप्पा सगळ्यांना गाळावासा वाटतो. "वाचलं ना, मग परत लिहायचं कशाला?" पण जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकात, १७:१८-१९ मध्ये, राजाने नियमशास्त्राची एक नक्कल स्वतःसाठी लिहून घ्यावी आणि ती आयुष्यभर वाचावी, असं सांगितलंय. राजाच्या दरबारात लिहिणाऱ्यांची काय कमी होती?

डोळा पळतो, हात पळत नाही. मार्क १०:४६-५२ मधली बार्तीमयाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकलेली असते. आमच्या गटातल्या एका मावशींनी ती उतरवायला घेतली आणि पन्नासाव्या वचनाला थांबल्या. आंधळा भिकारी आपलं वस्त्र टाकून उठतो, असं तिथे आहे. "इतकी वर्षं ऐकते, हे कधी दिसलंच नाही," त्या म्हणाल्या. भीक मागणाऱ्याकडे दुसरं असतं तरी काय? आणखी एक गोष्ट फक्त उतरवणाऱ्यालाच सापडते. एक्कावन्नाव्या वचनात येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं? हाच प्रश्न त्याच अध्यायात छत्तिसाव्या वचनात त्याने आपल्या शिष्यांना, याकोब आणि योहानालाही विचारलेला आहे. त्यांनी वैभवात उजवी-डावीकडच्या जागा मागितल्या. याने दृष्टी मागितली. दोन्ही उत्तरं एका पानावर समोरासमोर लिहिली की तिसरं उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं.

कसं करायचं: पाच-सात वचनं, जशीच्या तशी, सावकाश. जिथे हात आपोआप थांबेल त्या शब्दाखाली रेघ मारा. का थांबला ते आत्ता लिहू नका.

> तपासा: पवित्र शास्त्र मिटा. काय घडलं ते तीन वाक्यांत सांगता येतंय का? येत नसेल तर हात चालला, पण मन गाडीच्या वेळापत्रकात होतं. पुन्हा एकदा वाचा. पुन्हा लिहायची गरज नाही.

## टप्पा ३: उताऱ्याला प्रश्न विचारा

तीनच प्रश्न, आणि प्रत्येकाला एक-दोन ओळी. कोण कुणाशी बोलतंय? याच्या आधी आणि नंतर काय आहे? मला काय कळलं नाही?

तिसरा प्रश्न मोकळेपणाने लिहा. वहीत "कळलं नाही" लिहायला लोक बिचकतात, जणू पाळकसाहेब पान तपासणार आहेत. दुसरा प्रश्नही टाळू नका. 'मला सामर्थ्य देणाऱ्याच्या ठायी मी सर्व काही करू शकतो' या अर्थाचं फिलिप्पैकरांस ४:१३ मधलं वचन आपण प्रमोशनसाठी वापरतो. बारावं वचन उतरवलं असतं तर दिसलं असतं की पौल तिथे भरल्या पोटी आणि उपाशी, दोन्ही स्थितींत कसं राहायचं ते सांगतोय.

रविवारच्या उपदेशाची टिपणं या वहीत नकोत. लिहायचीच असतील तर शेवटच्या पानापासून उलटी लिहा. दुसऱ्याने चावून दिलेला घास आधी खाल्ला की आपली भूक मरते.

## टप्पा ४: 'तू' म्हणून लिहा

आता पेन आपल्या मनाकडे वळवायचं. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे जरा थांबते.

पहिली चूक: देवाविषयी लिहिणं. "देव दयाळू आहे, तो आपली काळजी घेतो" हा निबंध झाला. तेच वाक्य 'तू' घालून लिहा: "तू माझी काळजी घेतोस." आता हात अडखळेल, कारण हे खरं वाटतं का, याचं उत्तर द्यावं लागतं. वाटत असेल तर कधी घेतलीस ते लिहा. वाटत नसेल तर तेच लिहा.

दुसरी चूक: उसनी मराठी. "हे सर्वसमर्थ, सनातन, कृपासिंधू परमपित्या" असं आपण घरात कुणाशी बोलतो का? उपासनेतली भाषा उपासनेत शोभते. वहीत आईशी बोलतो तशी भाषा हवी. मालवणी असेल तर मालवणी, वसईकडची असेल तर तिकडची, नगरकडची असेल तर "काय करू रे देवा" अशी. मराठीत आपण आईला आणि देवाला दोघांनाही 'तू' म्हणतो, 'तुम्ही' नाही. ही सोय वाया घालवू नका.

तिसरी चूक: घाईने समाधान करून घेणं. स्तोत्र १३ छोटंसंच आहे, पण त्याचा क्रम बघा. आधी "कुठवर, परमेश्वरा?" हा प्रश्न एकदा नाही, चार वेळा. मग "माझ्याकडे पाहा, मला उत्तर दे." भरवसा आणि गाणं त्यानंतर. आपण पहिली ओळ लिहितो आणि लगेच "तरी तुझी इच्छा पूर्ण होवो" म्हणून पान उलटतो. माझी आई हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा मी नऊ दिवस हेच वाक्य लिहिलं. दहाव्या दिवशी लिहिलं, "मला तुझा राग आलाय." त्या पानापासून माझी प्रार्थना खरी झाली. त्याआधीची नऊ पानं मी देवाला बरं वाटावं म्हणून लिहिली होती.

भरवसा आलाच नाही तर पान तसंच सोडा. स्तोत्र ८८ अंधारात संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

> सावधान: देवाचं उत्तर आपणच अवतरणचिन्हांत लिहू नका. "प्रभू मला म्हणाला, ही नोकरी सोड" असं लिहिलेलं वाक्य सहा महिन्यांनी आज्ञेसारखं वाटायला लागतं. "आज मला असं वाटलं" एवढंच लिहा. मोठा निर्णय असेल तर ते पाळकांना किंवा फादरना सांगा, आणि उताऱ्याशी पडताळून बघा.

> सावधान: दुसऱ्यांच्या चुका पूर्ण नावानिशी लिहू नका. एक अक्षर पुरे. वही कधीतरी कुणाच्यातरी हाती लागते. कॅथलिक वाचकांसाठी आणखी एक: वही पापनिवेदनाची जागा घेत नाही. तयारीला यादी केली असेल तर ती सुट्या कागदावर करा आणि नंतर फाडून टाका.

## टप्पा ५: मागणं आणि आभार, वेगवेगळे

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाला (दर आठवड्याच्या खास प्रार्थनेला) लोक आपल्या विनंत्या लिहून देतात, आणि ज्यांची मागणी पूर्ण झाली ते आभाराची पत्रंही लिहितात. वहीतही हे दोन्ही हवं, पण एकाच परिच्छेदात कालवू नका. पान उभं दुमडा. डावीकडे तारीख आणि मागणं. उजवी बाजू कोरी.

मागणं असं लिहा की पुढे बघता येईल त्याचं काय झालं. "कुटुंबाला आशीर्वाद दे" याचं उत्तर मिळालं की नाही, कसं कळणार? "गुरुवारच्या मुलाखतीत मी पगाराबद्दल खोटं बोलू नये" हे शुक्रवारी कळतं. दिवसाला तीनपेक्षा जास्त मागणी नकोत, नाहीतर पान वाण्याच्या यादीसारखं होतं.

आभार सुचत नसतील तर स्तोत्र १३६ चा साचा वापरा. त्याच्या सव्वीसही वचनांत एकच पालुपद आहे, देवाची दया सनातन आहे. वरची ओळ तुमची, खालची स्तोत्राची. "पहिल्या प्रयत्नात रिक्षा मिळाली" इथपासून सुरू करायला हरकत नाही. आमच्यातला एक तरुण दहाव्या ओळीला आपल्या वडिलांपाशी पोचला. त्यांच्याशी तो तीन वर्षं बोलला नव्हता.

## टप्पा ६: पेन खाली ठेवा

दोन मिनिटं. काही लिहू नका, काही मागू नका. बाहेर भोंगे वाजतील, कुकरची शिटी होईल. होऊ द्या.

## टप्पा ७: एक कृती

शेवटची ओळ: आज झोपण्याआधी मी काय करणार. एकच, आणि नाव असलेली. "जास्त प्रेम करीन" चालणार नाही. "र. ला फोन करून पैसे परत कधी देणार ते सांगीन" चालेल. वचन ऐकून न करणारा माणूस आरशात तोंड बघून निघून जातो आणि आपण कसे होतो ते विसरतो, असं याकोबाचं पत्र (१:२३-२४) सांगतं. वही हा त्यातल्या त्यात मोठा आरसा आहे. लिहिलं म्हणजे केलं, असं फार सहज वाटतं.

> तपासा: दुसऱ्या दिवशी वही उघडली की सगळ्यात आधी कालच्या शेवटच्या ओळीपुढे 'केलं' किंवा 'नाही' लिहा. कारणं लिहू नका.

## टप्पा ८: महिन्यातून एकदा मागे वळा

हे न केल्यामुळे चांगल्या चाललेल्या वह्याही विश्वास वाढवत नाहीत. लिहितात सगळे, परत वाचतं कोण?

यहोशवाच्या चौथ्या अध्यायात लोक यार्देन ओलांडतात आणि नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणतात. पुढे मुलांनी "हे धोंडे कशाचे?" असं विचारावं म्हणून. धोंडे लगेच उचलावे लागले, कारण पाणी परत येणार होतं. विचारणं मात्र पुढच्या काळासाठी होतं. महिन्याचा शेवटचा शनिवार या विचारण्यासाठी ठेवा. त्या दिवशी नवं काही लिहायचं नाही.

वेगळ्या रंगाचं पेन घ्या आणि क्रमाने हे करा:

1. रेघ मारलेले शब्द तेवढे पाठोपाठ वाचा. एखादा शब्द तीनदा आला असेल तर तो समासात लिहा. माझ्या एका वहीत 'थांब' सहा वेळा आला होता, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.
2. कोऱ्या ठेवलेल्या उजव्या बाजूला काय झालं ते तारखेसह लिहा. 'मिळालं', 'नाही मिळालं', 'वेगळंच मिळालं'. 'अजून नाही' हेही लिहा.
3. आता मागावंसंच वाटत नाही असं मागणं शोधा. त्यापुढे का ते लिहा. आपण कुठे बदललो ते इथे दिसतं.
4. 'नाही' लिहिलेल्या कृती मोजा. तीच कृती चारदा 'नाही' असेल तर ती कुणालातरी विश्वासात घेऊन सांगायची वेळ आली आहे.

जुनं वाक्य खोडू किंवा सुधारू नका. आज ते बालिश वाटत असेल तरीही. त्या दिवशी तुम्ही तिथे उभे होता.

## कोरडे दिवस आले तर

येतातच. तेव्हा टप्पा ४ मध्ये गद्य सोडून अभंग लिहून बघा. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगांतच आळवलं, म्हणजे वाट रुळलेली आहे. मोठ्या अभंगाचं माप सोपं आहे: पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचं यमक जुळलेलं. रात्रपाळी करणाऱ्या एका सिक्युरिटी गार्डने आमच्या गटात लिहिलेला हा एक:

पुन्हा रातपाळी, जाग माझ्या डोळी,
तूच रे सांभाळी, घर माझे.

बावीस अक्षरांत पसारा मावत नाही. जे मावतं तेच खरं मागणं असतं. कविता चांगली झाली का, हे कुणाला विचारायला जाऊ नका.

## दाखवावं की नाही

पान दाखवू नका. पानातून निघालेली गोष्ट सांगायला हरकत नाही, पण महिन्याने, मागे वळून वाचल्यानंतर. आज लिहिलेलं आजच स्टेटसला टाकलं की उद्या लिहिताना वाचणारे लोक समोर दिसायला लागतात, आणि 'तू' म्हणता म्हणता आपण त्यांच्याशीच बोलत राहतो. मंडळीत साक्ष द्यायची असेल तरी हाच नियम.

## दिवस चुकले, वही गेली

चुकलेल्या दिवसांची पानं मागच्या तारखा घालून भरू नका. ती खोटी हजेरी झाली. आजची तारीख घाला आणि मार्क जिथे सोडला होता तिथूनच धरा. "माफ कर, तीन आठवडे आलो नाही" असं लिहावंसं वाटलं तर एका ओळीत लिहा. पानभर नको.

वहीच गेली तर? २६ जुलै २००५ ला आमच्या तळमजल्याच्या खोलीत कमरेएवढं पाणी शिरलं, आणि माझ्या दोन भरलेल्या वह्यांचा लगदा झाला. कितीतरी दिवस मी नवी वही आणली नाही. मग यिर्मयाचा छत्तिसावा अध्याय वाचनात आला. यिर्मयाची वचनं लिहिलेली गुंडाळी राजा यहोयाकीम तीन-चार रकाने वाचून झाले की कापतो आणि शेगडीत टाकतो, सगळी जळेपर्यंत. यिर्मया दुसरी गुंडाळी घेतो, त्याचा लेखनिक बारूख पुन्हा लिहून घेतो, आणि शेवटच्या वचनात आहे की त्यात तशाच आणखी पुष्कळ गोष्टींची भर पडली.

मी नवी वही आणली आणि पहिल्या पानावर आधीच्या दोन वह्यांतलं आठवेल तेवढं लिहिलं. सतरा ओळी झाल्या. तुमची वही हरवली, भिजली, कुणी फेकली, तर हेच करा. पहिलं पान आठवणीचं, दुसऱ्या पानापासून टप्पा २.